ओलीचे साक्षीदार

भाद्रपद सरून आश्विनाचे कडकडीत ऊन पडू लागले, की आपल्याकडे घरोघर धान्याचे डबे, पिंपे व कणग्या उघडण्याची धांदल उडते. तांदूळ चटईवर पसरले जातात, डाळी सुपातून पाखडल्या जातात, आणि पावसाळी हवेने सादळलेला रवा चाळणीत येतो. अशा वेळी चाळणीतला एखादा तांबूस कण अकस्मात चालू लागतो. गृहिणी तो चिमटीने उचलून बाहेर टाकते, 'किडे झाले' एवढेच म्हणते, आणि धान्याला ऊन देऊन पुढच्या कामास लागते. तो किडा कोण होता, काय खात होता व नेमका याच डब्यात का आला होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते ती अवश्य करण्यासारखी आहे. घरातील माणसांच्या प्रकृतीशी तिचा संबंध आहेच. शिवाय हीच चौकशी नेटाने चालवून इतिहाससंशोधकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोठारांचे जमाखर्च उलगडले आहेत.

साठवणीच्या धान्यात आढळणारे भुंगेरे सगळे एका जातीचे नसतात, आणि ते सगळेच धान्य खातात असेही नाही. ढोबळ मानाने त्यांचे तीन वर्ग पाडता येतील. पहिला वर्ग सोंड्यांचा. सोंड्याची मादी आपल्या सोंडेने अखंड दाण्यास छिद्र पाडते, आत अंडे घालते व छिद्र लिंपून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. दुसऱ्या वर्गातील भुंगेऱ्यांना अखंड दाणा फोडण्याचे सामर्थ्य नसते. ते फुटलेल्या कण्या, कोंडा व पीठ यांवर उपजीविका करतात. छातीच्या दोन्ही कडांस करवतीसारखे सहा-सहा दात असलेला करवती भुंगेरा हा यांतला प्रमुख होय. लिनियसने १७५८ साली या किड्याचे शास्त्रीय बारसे केले व त्यास सुरिनामवरून 'सुरिनामेन्सिस' असे नाव दिले; पुढे त्याच्या कुळास 'तांदळाचा चाहता' या अर्थाचे नाव मिळाले.

तिसरा वर्ग आजच्या लेखाचा खरा विषय आहे. या वर्गातील भुंगेऱ्यांना धान्याची फारशी गोडीच नसते. धान्यावर धरलेली बुरशी हे त्यांचे अन्न. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, छातीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर बारीक गाठ असलेला जो तांबूस भुंगेरा जगभरच्या गोदामांत आढळतो, त्याचे शास्त्रीय नाव 'अहस्वेरस अद्वेना' असे आहे. अद्वेना म्हणजे लॅटिन भाषेत परका, उपरा. आणि अहस्वेरस हे युरोपातील एका जुन्या दंतकथेत जन्मभर भटकत राहण्याचा शाप मिळालेल्या माणसाचे नाव होय. धान्याच्या पोत्यांबरोबर देशोदेशी फिरणाऱ्या या जिवास असे दुहेरी भटके नाव मिळावे, हे यथायोग्यच आहे. याच वर्गात अंगभर लव असलेला 'टायफिया', 'लपून खाणारा' अशा अर्थाच्या नावाचा 'क्रिप्टोफेगस' आणि अगदी चिमुकला 'लॅट्रिडियस' हे मोडतात. नव्या बांधलेल्या घराचा गिलावा पुरता वाळण्यापूर्वी बिऱ्हाड आले, तर भिंतीवर कधी कधी या लॅट्रिडियसची रांग दिसते. तेथे धान्याचा एक दाणाही नसतो. तरीही ओल असते, ओलीवर डोळ्यांना न दिसणारी बुरशी असते, आणि त्यावर त्याचे उत्तम चालते.

यावरून एक गोष्ट उघड होते. सोंडा कोरड्या धान्यातही शिरतो. त्याच्या असण्यावरून एवढेच समजते, की धान्यास कीड लागली. परंतु बुरशीखाऊ भुंगेरा कोरड्या, निर्मळ धान्यात वंश वाढवूच शकत नाही. तो नांदताना दिसला, तर कोठे तरी छप्पर गळते आहे, भिंत पाझरते आहे, अथवा धान्य पुरते वाळण्यापूर्वीच भरले गेले आहे, असे खुशाल समजावे. कधी कधी सोंडेच त्याची वाट मोकळी करून देतात. हजारो सोंडे एका ठिकाणी जमले म्हणजे त्यांच्या श्वासोच्छ्वासाने धान्याच्या पोटात ऊब व ओल निर्माण होते, त्या ओलीवर बुरशी येते, आणि बुरशीपाठोपाठ हे उपरे पाहुणे येतात. त्यांच्या अंगाला चिकटून बुरशीचे बीजकण इकडून तिकडे जातात, एवढा दोष त्यांच्या माथी येतोच. तथापि मूळ गुन्हा ओलीचा, आणि हे तिचे साक्षीदार.

आता ही साक्ष इतिहासात कशी उपयोगी पडली ते पाहू. कीटकांचे शरीर नाशवंत असले, तरी त्यांचे कवच कमालीचे चिवट असते. एकतर पूर्ण कोरडेपणात ते टिकते, नाहीतर ज्या चिखलात हवा पोचत नाही अशा चिखलात. पहिल्या प्रकारचे उदाहरण इजिप्तमध्ये मिळाले. १९२२ साली तुतनखामेनचे थडगे उघडले, त्यातील वस्तूंत मसाल्यांना व सुक्या औषधींना लागणारे दोन भुंगेरे सापडल्याचे १९३१ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण जर्मनीतील एर्केलेन्स-कुकहोफेन येथील विहिरीचे. तिची लाकडे इसवी सनापूर्वी सुमारे ५०९० या वर्षाची ठरली असून तिच्या गाळात सोंड्याचे अवशेष मिळाले. या सोंड्यास उडता येत नाही. म्हणजे शेतकरी जेथे जेथे गेला, तेथे तेथे तो त्याच्याच पोत्यात बसून गेला, हे निराळे सांगावयास नको.

असल्या गाळातून कीटक वेगळे काढण्याची जी रीत आज सर्वत्र चालते, ती आमच्या वाचकांस फार घरगुती वाटेल. मातीचा नमुना पाण्यात कालवून बारीक चाळणीवर धुतात. चाळणीत उरलेल्या गाळात घासलेट मिसळतात आणि मग वरून पाणी ओततात. कीटकांच्या कवचास तेल चिकटते व ती कवचे पाण्यावर तरंगू लागतात. माती तळाशी राहते. रसेल कूप व पीटर ऑस्बोर्न या इंग्रज संशोधकांनी बार्न्सली पार्क येथील रोमन विहिरीचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही रीत रूढ झाली. तरंगून आलेली डोकी, छातीची कवचे व पंखांची झाकणे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवीत बसणे हे काम मोठ्या चिकाटीचे. पण त्यातून जे हाती लागले ते एखाद्या ताम्रपटाहून कमी मोलाचे नाही.

या शोधांत सर्वांत बोलका ठरला तो उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहराचा. इसवी सन ७१ च्या सुमारास रोमच्या नवव्या पलटणीने ऊज नदीकाठी येथे छावणी घातली. तिचे रोमन नाव एबोराकम. कित्येक हजार शिपायांचे व त्यांच्या जनावरांचे पोट भरावयाचे, तर धान्याचा प्रचंड साठा हवा, आणि तो नावांतून आणून नदीच्या काठीच उतरवणे सोयीचे. हल्लीच्या कोनी स्ट्रीट या रस्त्याखाली अशा एका लाकडी कोठाराचा तळ उत्खननात सापडला. हॅरी केनवर्ड व डॉरियन विल्यम्स यांनी त्याचा वृत्तांत १९७९ साली प्रसिद्ध केला. त्या तळावर जो काळपट थर होता, तो बव्हंशी भुंगेऱ्यांच्या कवचांचा होता. सोंडे होते, करवती भुंगेरे होते, आणि नासत चाललेल्या, तापलेल्या धान्यात बुजबुजणारे तांबूस चपटे भुंगेरेही होते. रोमन लोक येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये या धान्यखाऊ किडींचा खात्रीलायक मागमूस लागत नाही. म्हणजे साम्राज्याच्या लष्कराबरोबर रस्ते व कायदे आले, तसे सोंडेही आले.

पण खरा इतिहास त्या थराच्या वर आहे. रोमन अधिकाऱ्यांनी ते कोठार पाडले, किडक्या अवशेषांवर चिकणमातीचा जाड थर अंथरला, आणि त्या मातीवर दुसरे कोठार उभारले. झाडून, उन्हात घालून, धुरी देऊन काही साधण्यासारखे उरले नाही, असे ठरल्यावरच कोणी हा उपाय करील. कोणा लेखनिकाने ही हकीकत लिहून ठेवलेली नाही. चिखल आणि किडे यांनी ती जपून ठेवली.

रोमन लोकांना या शत्रूची माहिती नव्हती असे मात्र नाही. इसवी सनापूर्वी ३७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, व्हॅरोने शेतीवर ग्रंथ लिहिला. कोठार उंचावर व वाऱ्याच्या वाटेवर असावे, त्याच्या भिंतींस दमटपणा शिरू नये असा लेप द्यावा, असे तो सांगतो. धान्यास सोंडे लागलेच तर ते धान्य बाहेर काढून उन्हात पाण्याची भांडी ठेवावीत, म्हणजे किडे तेथे जमून बुडून मरतात, असा तोडगाही तो देतो. पुढच्या शतकातील कोलुमेल्लाचे म्हणणे याहून निराळे. सोंडे वरच्या थरातच असतात, धान्य ढवळले तर ते खोलवर जातात, यास्तव ढवळूच नये, असे त्याचे मत. लष्करी कोठारांच्या जमिनी ठेंगण्या खांबांवर उचलून खाली वारा खेळता ठेवण्याची पद्धत होती. इसवी सन १२२ मध्ये सुरू झालेल्या हेड्रियनच्या तटबंदीवर, हाउसस्टेड्स येथे, ते खांब आजही उभे आहेत. ज्ञान होते, साधने होती. पण पावसाळी देशातील नदीकाठी, एवढ्या मोठ्या साठ्यापुढे ती अपुरी पडली, एवढीच यॉर्कची साक्ष.

याच शहराच्या दुसऱ्या एका काळाची साक्ष मात्र अगदी वेगळी आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली, आणि तिच्या पाठोपाठ धान्याचे किडेही जवळजवळ नाहीसे झाले. मोठी कोठारे गेली, दूरदेशीचे धान्य येईना, तेव्हा त्यांचा चरितार्थ संपला. इसवी सन ८६६ मध्ये उत्तरेकडील वायकिंग लोकांनी यॉर्क घेतले. त्यांच्या वस्तीचे उत्खनन कॉपरगेट येथे १९७६ ते १९८१ या काळात झाले. तेथील मातीत सोंडे सापडत नाहीत. सापडतात ते लॅट्रिडियस, क्रिप्टोफेगस यांसारखे बुरशीखाऊ भुंगेरे, आणि तेही विपुल. काठ्याकुडांच्या भिंती, गवताचे छप्पर व जमिनीवर अंथरलेला पेंढा अशा घरांत ओल कायम मुरलेली असे, आणि तिच्यावर हे भुंगेरे पिढ्यानपिढ्या नांदत. संशोधकांनी या समूहास 'घरातील कीटकसृष्टी' असेच नाव दिले आहे. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर धान्याचे किडे पुन्हा दिसू लागतात. एकाच गावच्या मातीत तीन राजवटी अशा किड्यांच्या हस्ताक्षरात लिहिल्या गेल्या आहेत. सोंडा राज्याच्या कोठाराची बातमी देतो. बुरशीखाऊ भुंगेरा माणसाच्या घराची.

आपल्या देशातही ओलीचे हे भय प्राचीनांस पुरते ठाऊक होते. १९०९ साली शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराचे नियम आहेत. त्यांत धान्य उंचावर ठेवावे, तेलातुपास माती व लाकूड यांची भांडी असावीत, आणि मिठास जमीन पुरे, अशी व्यवस्था सांगितली आहे. आपल्या वाड्यांतली बळदे, सारवलेल्या कणग्या, धान्यात घालावयाचा कडुनिंबाचा पाला, राख व बिब्बे ही याच सावधगिरीची रूपे होत.

यांत पेवाची युक्ती विशेष विचार करण्याजोगी आहे. धान्य जमिनीवर उचलून वारा देण्याऐवजी ते जमिनीत पुरून वारा तोडावयाचा, असा पेवाचा उलटा न्याय आहे. तोंड अरुंद व पोट रुंद असा खड्डा कोरड्या जमिनीत खणून, आत कडबा किंवा पेंढा लावून, वरून तोंड लिंपले, की आतले धान्य व आतले किडे मिळून तेथली प्राणवायूची शिल्लक संपवतात. मग किडे गुदमरून मरतात. हीच युक्ती कॅपॅडोशिया व थ्रेस या प्रांतांत चालत असल्याचे व्हॅरो लिहितो. अशा खड्ड्यात गहू पन्नास वर्षे व भरड धान्य शंभरांहून अधिक वर्षे टिकते, असे तो म्हणतो. खड्डा उघडताच आत उतरू नये, पूर्वी काही माणसे गुदमरून मेली आहेत, असा त्याचा इशाराही आहे. आपल्याकडेही पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून, आत दिवा सोडून पाहण्याचा प्रघात आहे. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन देशांतील शेतकऱ्यांनी एकच धडा एकाच किमतीस घेतला, असे म्हणावे लागते.

मात्र पेवाचा सारा भरवसा जमीन कोरडी राहण्यावर असतो. सांगलीजवळ हरिपूर येथे, कृष्णा व वारणा यांच्या संगमाच्या परिसरात, हळदीची पेवे प्रसिद्ध होती. त्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिके, आणि तुतनखामेनच्या थडग्यात सापडलेले जे दोन भुंगेरे हळदीचेही वैरी आहेत, त्यांनाही तेथे वाव मिळत नसे. २००५ च्या महापुरात नदीचे पाणी या पेवांत शिरले व अनेक पेवे निकामी झाली. किड्यांना जे कधी साधले नाही, ते पाण्याने एका पुरात केले.

येथवर आम्ही जे सांगितले, त्यात धान्याची नासाडी आली, पैशाचा तोटा आला. परंतु बुरशीपासून होणारा खरा अपाय विज्ञानास कळावयास १९६० हे साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. रोगाचे नाव ठाऊक नसल्यामुळे त्यास 'एक्स' हे अज्ञाताचे अक्षर देण्यात आले. शोध करता करता माग ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोचला. त्या पेंडीवर 'अस्परजिलस फ्लेव्हस' नावाची बुरशी वाढली होती, आणि तिने निर्माण केलेले विष पक्ष्यांच्या यकृतास भोवले होते. बुरशीच्याच नावावरून त्या विषास 'अफ्लाटॉक्सिन' असे नाव पडले. हे विष नेहमीच्या रांधण्याने नाहीसे होत नाही. धान्य पाखडले, उन्हात घातले, किडा वेचून टाकला, दळून भाकरी भाजली, तरी त्याचा बराचसा अंश अन्नात तसाच राहतो.

ही गोष्ट पक्ष्यांपुरती राहिली असती तर बरे होते. १९७४ च्या पावसाळ्याअखेर राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत काविळीची विलक्षण साथ पसरली. पोटात पाणी होऊन माणसे मरू लागली. त्यांच्या घरची कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला, तेव्हा कारण मक्यात निघाले. आधीच अवर्षणाने पिचलेला मुलूख. त्यात पीक हाताशी येण्याच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेली कणसे धड वाळली नाहीत आणि तशीच साठवली गेली. बुरशी धरलेला तो मका लोक आठवडेच्या आठवडे खात राहिले. तपासलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. १९७५ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. विषारी बुरशीने माणसांवर एवढा मोठा घाला घातल्याची जी उदाहरणे वैद्यकाच्या ग्रंथांत येतात, त्यांत हे प्रमुख मानले जाते.

यॉर्कचे कोठार व बांसवाड्याची झोपडी यांत एकोणीस शतकांचे अंतर आहे. तरीही ती दोन चित्रे आम्हांस शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही ठिकाणी साठवलेले अन्न नासले. रोमच्या लष्करापाशी दुसरे धान्य होते, म्हणून त्यास कोठार पाडून त्यावर माती लोटता आली. त्या खेड्यांतील शेतकऱ्यापाशी दुसरे धान्य नव्हते. मक्यास कुबट वास येतो, रंग पालटला आहे, हे त्यास दिसत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. अज्ञान होते ते त्यातील विषाविषयीचे. आणि ते ज्ञान असते, तरी उपाशी घराने काय टाकून द्यावे आणि काय ठेवावे, हा प्रश्न उरलाच असता. ओलीची साक्ष कितीही खरी असली, तरी ती ऐकून घेणे ज्यास परवडते त्यालाच तिचा उपयोग होतो. म्हणून धान्य वाळवण्याची चांगली खळी, न गळणारी कोठारे आणि टंचाईच्या दिवसांत खेड्यापर्यंत पोचणारे कोरडे धान्य, यांची गणना औषधांतच केली पाहिजे.

आमच्या वाचकांची घरे त्या झोपड्यांहून सुखी आहेत. त्यामुळे ही साक्ष मानण्यास त्यांस अडचण नसावी. चाळणीत सोंडा दिसला, तर ऊन द्यावे, पाखडावे. आपली रीत ठीकच आहे. पण डब्यास कुबट वास येत असेल, दाणे एकमेकांस चिकटले असतील, आणि त्यांत दोन मिलिमीटरचा तो तांबूस उपरा सावकाश फिरत असेल, तर त्यास टिपून टाकण्याची घाई करू नये. आधी डबा कोठे ठेवला होता ते पाहावे, भिंतीस हात लावून पाहावा, आणि बुरसलेले धान्य, मग ते कितीही महाग असो, घरच्यांच्या ताटात किंवा दारच्या गाईपुढे न वाढता बाहेर काढावे. किडा गेला म्हणजे संकट गेले, असा आपला समज असतो. तो किडा निदान आपणास दिसला तरी; ज्या विषाची वर्दी देण्यास तो आला होता, ते डोळ्यांना दिसत नाही.